प्रेमकादंबरीचं परीक्षण लिहिताना

कुमारवयीन वाचकांसाठीच्या प्रेमकादंबरीवर चार पानं लिहायची वेळ आली की आपल्याकडचं परीक्षण ठरलेल्या रुळावरून धावू लागतं. निम्मी जागा कथानक सांगण्यात जाते, मग भाषा ‘ओघवती’ ठरते, पात्रं ‘जिवंत’ होतात, त्यानंतर जमेच्या बाजू आणि उणिवा अशा दोन याद्या येतात, आणि मुखपृष्ठ आकर्षक नि छपाई सुबक असल्याचा निर्वाळा देऊन लेख संपतो. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी, वाचनालयातल्या चर्चेसाठी किंवा घरातल्या मुलीने हातात घेतलेलं पुस्तक आहे तरी कसं हे स्वतःला उमगावं म्हणून तुम्ही असं काही लिहिणार असाल, तर त्या दोन याद्या करण्याआधी जरा थांबा. त्यातल्या नोंदी चुकीच्या असतील असं नाही, पण त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध यादीत दिसत नाही. या जातीच्या कादंबरीत गुण आणि दोष बहुधा एकाच उगमातून येतात. लेखकाने सुरुवातीलाच एखादी मोठी निवड केलेली असते: गोष्ट कोणी सांगायची, कोणाला किती दिसू द्यायचं, प्रेमाला किती मुदत द्यायची. ती निवड शोधायची, तिच्यामुळे कादंबरीला काय मिळालं आणि काय गमवावं लागलं ते पाहायचं, आणि मग विचारायचं की जे गमावलं त्याची खुद्द कादंबरीला जाणीव आहे का. परीक्षणाचा कस या शेवटच्या प्रश्नाशी लागतो.

उदाहरणादाखल जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ घेऊ. अमेरिकेत जानेवारी 2012 मध्ये ती प्रसिद्ध झाली, 2014 मध्ये तिच्यावर इंग्रजी चित्रपट आला आणि 2020 मध्ये ‘दिल बेचारा’ हा हिंदी, त्यामुळे इकडच्या अनेकांना पुस्तक न वाचताही गोष्ट ठाऊक असते. इंडियानापोलिसमध्ये राहणाऱ्या 16 वर्षांच्या हेझलचा थायरॉइडचा कर्करोग फुप्फुसांत उतरला आहे, नाकात नळी आणि मागे ऑक्सिजन सिलिंडरची छोटी गाडी घेऊनच तिला वावरावं लागतं. चर्चच्या तळघरात भरणाऱ्या रुग्णमुलांच्या गटात तिला 17 वर्षांचा ऑगस्टस भेटतो. हाडाच्या कर्करोगात त्याचा एक पाय गेला आहे, पण आता तो बरा झाल्यासारखा आहे. हेझलच्या आवडत्या कादंबरीचा लेखक ॲम्स्टरडॅमला राहतो, त्याला गाठायला दोघं जातात, आणि तिथे ऑगस्टस सांगतो की आजार परतलाय. पुढे काय होतं ते ओळखता येईल. कथानक परीक्षणात एवढंच असावं, मुद्दा समजायला लागेल तितकं. लेखकाच्या चरित्राचंही तसंच. ग्रीन यांनी उमेदवारीच्या काळात मुलांच्या रुग्णालयात धर्मसेवकाचं काम केलं होतं, आणि हे पुस्तक त्यांनी 2010 मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाने 16 व्या वर्षी गेलेल्या एस्थर अर्ल हिला अर्पण केलं आहे. हे सांगायला हरकत नाही, पण म्हणून हेझल म्हणजे एस्थर असं समीकरण मांडू नका. गोष्टीमागे खऱ्या घटना शोधू नयेत, असं लेखकाने पुस्तकाच्या आरंभीच बजावलं आहे. शिवाय आजाराच्या खरेपणाने लिखाण खरं ठरत नाही. हेझलला जगवणारं औषधसुद्धा ग्रीन यांनी कल्पनेतून आणलेलं आहे.

या कादंबरीतली मोठी निवड कोणती? माझ्या मते ती अशी: मरणाच्या सावलीत असलेल्या मुलीने गोष्ट सांगायची, आणि मरायचं मात्र ठणठणीत वाटणाऱ्या मुलाने. हेझल स्वतःला हातबॉम्ब समजते. आपण कधीतरी फुटणार, तेव्हा आजूबाजूला जितकी कमी माणसं असतील तितकं बरं, या हिशेबाने ती ऑगस्टसला दूर ठेवू पाहते. आपल्यामागे आईबाबांचं काय होईल या एकाच काळजीने तिला पछाडलंय. आवडत्या कादंबरीच्या लेखकाला विचारायचे तिचे प्रश्नही याच जातीचे आहेत: गोष्ट सांगणारी मुलगी वाक्याच्या मध्येच थांबली, मग मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं? आणि अखेर मागे राहण्याची पाळी तिच्यावरच येते. जो धक्का आपण इतरांना देऊ म्हणून ती घाबरत होती, तो तिलाच सोसावा लागतो. ही उलटापालट कादंबरीचा कणा आहे, आणि आजारी मुलांच्या रडक्या गोष्टींपासून तिला वेगळं काढते ती हीच. हेझलचा तिरकस आवाजही इथूनच येतो. गटाच्या बैठकीतली साचेबंद आशावादी वाक्यं, ऑगस्टसच्या घरात उशांवर भरतकाम करून ठेवलेली सुवचनं, धीराने झुंजणाऱ्या बालरुग्णाची लोकांना आवडणारी प्रतिमा, या सगळ्यांकडे ती आतल्या माणसाच्या अधिकाराने पाहते. असा आवाज बाहेरून, तृतीयपुरुषी निवेदनातून साधणं कठीण होतं.

आता त्याच निवडीची किंमत पाहू. सगळं हेझलच्या डोळ्यांनी दिसतं आणि हेझल प्रेमात आहे, त्यामुळे ऑगस्टस फार वेळ फार चकचकीत राहतो. तो देखणा आहे, हजरजबाबी आहे, बास्केटबॉलचे करंडक मिळवलेला आहे, तिचं आवडतं पुस्तक लगेच वाचून काढतो आणि सामाजिक संस्थेकडे स्वतःसाठी राखून ठेवलेली ‘इच्छा’ तिच्या प्रवासावर खर्च करतो. पहिल्याच भेटीत तो तोंडात सिगारेट धरतो, हेझल भडकते, आणि तो समजावतो की मी ती कधीच पेटवत नाही, जीव घेणारी वस्तू दातांत धरायची पण तिला जीव घ्यायची ताकद द्यायची नाही. या पानावर अनेक प्रौढ वाचक पुस्तक खाली ठेवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. सतराव्या वर्षी इतकं तयार तत्त्वज्ञान खिशात घेऊन फिरणारा मुलगा कोणाच्या ओळखीत आहे? त्याआधी बैठकीत तो हेझलकडे टक लावून बघत राहतो. तेव्हा ती मनाशी म्हणते, की हाच मुलगा देखणा नसता तर हे बघणं ओशाळवाणं वाटलं असतं, किंवा त्याहून वाईट काही. म्हणजे खोट कुठे आहे ते कादंबरीला कळतंय. पण विनोदाने दोषाकडे बोट दाखवलं म्हणजे दोष गेला असं होत नाही, आणि हा फरक परीक्षणात नोंदवायला हवा.

यादीवाल्या परीक्षणात इथे ‘नायक अवास्तव आदर्श’ अशी उणीव लिहून लेखणी पुढे सरकेल. मी मात्र आणखी दोनशे पानं थांबायला सांगेन. आजार बळावल्यावर एका मध्यरात्री ऑगस्टस हेझलला फोन करतो. तो एकटाच गाडी घेऊन पेट्रोल पंपावर गेला आहे, पोटात बसवलेल्या नळीपाशी काहीतरी बिघडलंय, आणि ती पोचते तेव्हा तो गाडीत स्वतःच्याच उलटीने माखलेला सापडतो. नळीभोवतीची कातडी चिघळली आहे. तो कशासाठी आला होता? सिगारेटचं पाकीट घ्यायला. जवळचं पाकीट हरवलं होतं, आणि दुसरं आणून देतो असं घरचे म्हणत असताना एवढी एक गोष्ट त्याला स्वतःच्या हाताने करायची होती. रुग्णवाहिका बोलावू नकोस म्हणून तो गयावया करतो, ती बोलावते, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला एक छोटी कविता म्हणून दाखवते, कविता संपली की पुढच्या ओळी स्वतःच रचत राहते. पहिल्या भेटीतलं ते मिरवलेलं रूपक इथे पार चिंध्या होऊन पडलेलं असतं. मरणाला दातांत धरून वाकुल्या दाखवणारा मुलगा एका पाकिटापर्यंतही पोचू शकत नाही. सुरुवातीचा तो चकचकीतपणा या प्रसंगासाठी लेखकाने घेतलेलं कर्ज होतं, आणि इथे ते व्याजासकट फेडलं जातं. म्हणून सल्ला असा: सुरुवातीला खटकलेल्या जागा समासात पेन्सिलीने टिपून ठेवा, पण त्यांवर निकाल शेवटचं पान वाचून झाल्यावरच द्या. पुस्तक संपलं की पहिली दोन प्रकरणं पुन्हा वाचा. प्रेमकादंबरीत सगळ्यात जास्त उधारी तिथेच झालेली असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. या पद्धतीने कोणत्याही दोषाचं समर्थन करता येईल, ‘पुढे फेडलंय’ एवढं म्हटलं की काम झालं! तसं होऊ नये म्हणून फेड कुठे झाली ते पान दाखवण्याची अट स्वतःवर घाला. ते दाखवता आलं नाही तर उणीव ही उणीवच. याच कादंबरीतले संवाद घ्या. हेझल आणि ऑगस्टस फोनवर बोलत असताना बोलणाऱ्याचं नाव झाकून पाहा. कोणतं वाक्य कोणाचं ते सांगताना अडखळायला होतं, कारण दोघांच्या तोंडी एकच सुशिक्षित, मिश्कील, वाक्याला टोक काढणारा आवाज आहे, आणि तो लेखकाचा आहे. त्यांचा मित्र आयझॅक मात्र वेगळा ऐकू येतो. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी जाणारा हा मुलगा साधं, ओबडधोबड बोलतो, चिडला की ऑगस्टसचे करंडक फोडतो. म्हणजे वेगळा आवाज लिहिणं ग्रीन यांना जमत नव्हतं असं नाही, नायकनायिकेच्या बाबतीत त्यांना मोह आवरला नाही. ‘किशोरवयीन मुलं असं बोलत नाहीत’ ही तक्रार या पुस्तकाबद्दल नेहमी ऐकू येते, पण तशी ती लंगडी आहे. नाटकातली माणसंही घरातल्यासारखी बोलत नाहीत, आणि हुशार मुलं वाचलेल्या पुस्तकांच्या भाषेत बोलून पाहतात हेही खरं. बोलणं कृत्रिम आहे यापेक्षा ते दोघांचं एकच आहे, ही तक्रार जास्त नेमकी ठरेल. प्रेमकथेत समोरचा माणूस वेगळा आहे हे कानाला जाणवावं लागतं, नाहीतर नायिका आरशाशी बोलतेय असं वाटतं.

आणखी अवघड जागा ॲम्स्टरडॅममधली. हेझल ऑक्सिजनची गाडी घेऊन ॲन फ्रँकच्या घराचे उभे, अरुंद जिने चढते. दम लागलेला, डोळ्यांपुढे अंधारी, तरी ती वर जाते, आणि ॲनच्या वडिलांची चित्रफीत चालू असताना दोघांचं पहिलं चुंबन होतं. भोवतालचे पर्यटक टाळ्या वाजवतात. या प्रसंगावर टीका पुष्कळ झाली, आणि परीक्षण लिहिणाऱ्याने इथे घाईने कोणत्याही बाजूला जाऊ नये. ज्या घरात एक कुटुंब 1942 ते 1944 लपून राहिलं आणि पकडलं गेलं, तिथे दोन अमेरिकन मुलांनी प्रेमाचा क्षण साजरा करणं उथळ वाटू शकतं. दुसऱ्या बाजूने, इथे ॲननेही कोणाचं तरी चुंबन घेतलं होतं, हा विचार हेझलच्या मनात येतो. तीही याच वयाची, मरण दाराशी असलेली मुलगी होती, तेव्हा या जागी फक्त मौनच शोभतं असं कोणी ठरवलं? मला चुंबनाचं समर्थन पटतं, टाळ्यांचं नाही. आजारी मुलांना मिळणाऱ्या फुकटच्या कौतुकाची आणि खास सवलतींची हेझल पुस्तकभर खिल्ली उडवते. मग इथे अनोळखी गर्दीचं कौतुक तिने मुकाट्याने घेतलं, आणि कादंबरीनेही ते तिला घेऊ दिलं. ज्या वृत्तीशी पुस्तक भांडत आलं तिलाच ते या पानावर शरण जातं, आणि त्याची फेड पुढे कुठेही नाही. दोष दाखवायचा तर तो असा, पुस्तकाने स्वतः मान्य केलेल्या मापाने मोजून दाखवा. ‘मला रुचलं नाही’ यापेक्षा ते जास्त वजनदार होतं.

काही उणिवांना मात्र खोल काही कारण नसतं, त्या तेवढ्याच नोंदवून मोकळं व्हावं. ॲम्स्टरडॅमचा तो दारुडा लेखक अंत्यविधीला अमेरिकेत येऊन ठेपतो ते गोष्टीची सोय म्हणून. आयझॅकला सोडून जाणारी मोनिका खलनायिकेइतकीच उरते. तिला काय वाटलं असेल याकडे कादंबरी वळून पाहत नाही, आणि तिच्या गाडीवर अंडी फेकण्याचा प्रसंग निव्वळ गंमत म्हणून येतो.

जमेच्या बाजूंत सगळ्यात कमी लिहिलं जातं ते आईबापांबद्दल. या प्रकारच्या कादंबऱ्यांत पालक बहुधा वाटेतून बाजूला केलेले असतात. मेलेले, वेगळे झालेले, कामात बुडालेले किंवा भोळे, म्हणजे मुलांना मोकळं रान मिळतं. इथे हेझलचे आईबाबा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात घरात आहेत. आई लहानसहान निमित्तं शोधून सण साजरे करते, वडील सहज रडतात. एकदा अतिदक्षता विभागात हेझल अगदी शेवटाला लागली असताना, ही गेली की मी आई राहणार नाही, असं आई बोलून गेलेली असते, आणि ते हेझलने ऐकलेलं असतं. पुस्तकाच्या शेवटाकडे कळतं की आई समाजकार्याचं शिक्षण गुपचूप घेत होती. आपल्या माघारी आई जगण्याची तयारी करतेय असं लेकीला वाटून ती दुखावेल म्हणून लपवलेलं. हेझलला उलट हायसं वाटतं. लेखकाच्या दारात जाऊन जो प्रश्न तिने विचारला, त्याचं उत्तर तिच्याच स्वयंपाकघरात तयार होत होतं. या कादंबरीतलं सगळ्यात पक्कं प्रेम मला इथे दिसतं, ऑगस्टसच्या संवादांत नव्हे. म्हणून कोणतीही किशोरवयीन प्रेमकथा वाचताना प्रेमिकांखेरीज तिसऱ्या माणसाला स्वतःचं आयुष्य आहे का, एवढं जरूर तपासा. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीत नायिका शिरोडकर आपल्याला निवेदक मुकुंदच्याच नजरेतून दिसते, तिच्या मनातलं फारसं हाती लागत नाही. तरी ते पुस्तक टिकतं, कारण त्या नजरेभोवती वर्ग, मित्र, घर आणि आणीबाणीचा काळ भरगच्च उभा आहे.

‘पुस्तक वाचून रडू आलं, आणखी काय हवं?’ असा प्रश्न कोणी करील. रडू येणं हा पुरावा जरूर आहे, पण कशाचा ते तपासावं लागतं. कर्करोग झालेल्या मुलाच्या मृत्यूवर कोणालाही रडू येतं, त्यात लेखकाचं कौतुक थोडं. कोणत्या ओळीशी घसा दाटला ते टिपून ठेवा. ती ओळ मृत्यूची बातमी देणारी असेल तर श्रेय विषयाचं, आणि ती पेट्रोल पंपावरची किंवा आईच्या अभ्यासाची असेल तर श्रेय रचनेचं. याच्या उलट टोकाला, असली पुस्तकं प्रौढांनी वाचणंच ओशाळवाणं आहे असं म्हणणारे भेटतात. 2014 मध्ये रूथ ग्रॅहम यांनी ‘स्लेट’ या ऑनलाइन नियतकालिकात असाच युक्तिवाद केला होता आणि त्यात याच कादंबरीचं उदाहरण होतं. किशोरवयीन नजरेवर टीका न करता तिच्यातच रमणारी पुस्तकं प्रौढाला पुरी पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण त्यावरून नजरेला छेद देणारी आणि न देणारी पुस्तकं वेगळी करणं जरुरीचं ठरतं, अख्खा प्रकार मोडीत काढणं नव्हे.

पालकांची चिंता वेगळी असते: मुलं यातून काय उचलतील? इथेही प्रसंगांची मोजदाद करून उपयोग नाही. 2005 मध्ये आलेल्या स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये नायक एडवर्ड नायिका बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो. ते कळल्यावर तिला आतून सुखावल्यासारखं होतं आणि पुस्तकात त्याला ठाम हरकत घेणारं कोणी नाही. चिंता करायची तर या गैरहजर आवाजाची करावी. हेझलच्या गोष्टीत शरीरसंबंध आहे, दारू आहे, मृत्यू तर आहेच, पण दूर राहण्याचा तिचा हक्क तिला बोलून दाखवता येतो आणि ऑगस्टसला तो ऐकून घ्यावा लागतो. पुस्तक मुलीच्या हातातून काढून घेण्यापेक्षा, बेलाच्या जागी तुझी मैत्रीण असती तर तू तिला काय म्हणाली असतीस, असं विचारलेलं बरं.

राहिला प्रश्न गोष्टीचा शेवट फोडण्याचा. पुस्तक न वाचलेल्यांसाठी लिहीत असाल तर ऑगस्टसचं काय होतं ते लपवता येईल, पण मग उलटापालट सांगता येणार नाही आणि तुमचा मुख्य मुद्दाच गळून पडेल. अशा वेळी एक मधली वाट काढता येते. हेझल मागे राहणाऱ्यांची काळजी करते इथपर्यंत सांगायचं, त्या काळजीला कादंबरी अनपेक्षित दिशेने उत्तर देते एवढं सुचवायचं, आणि पुरावा म्हणून पेट्रोल पंपाऐवजी आईचा अभ्यास वापरायचा. वाचनालयातल्या चर्चेसाठी, जिथे सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं किंवा निदान ‘दिल बेचारा’ तरी पाहिलेला असतो, तिथे हा संकोच नको. उलट चित्रपटात लेखकाच्या जागी गायक आणि ॲम्स्टरडॅमच्या जागी पॅरिस आलं तेव्हा हेझलच्या निवेदनातलं काय टिकलं आणि काय गळलं, इथूनच चर्चा सुरू करता येईल.